कै. चिंतामणराव देशमुख : एक कृतज्ञ स्मरण

वार्षिक स्मरणिका सिद्ध करताना ज्ञातीतील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र तिच्यात समाविष्ट करावे, हा आपल्या सभेचा परिपाठ वाचकांच्या परिचयाचा आहे. यंदा आम्ही कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र निवडले आहे. त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजात क्वचितच असेल. ज्ञातीतील कर्तबगार माणसांची नावे घेण्याचा प्रसंग आला की सी. डी. देशमुखांचे नाव वडीलधाऱ्यांच्या ओठी आपोआप येते. तथापि नाव ठाऊक असणे निराळे आणि कार्य ठाऊक असणे निराळे. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि मुंबईसाठी राजीनामा देणारे अर्थमंत्री, एवढ्या दोन गोष्टींपलीकडे आपल्या तरुण पिढीस त्यांच्याविषयी फारशी माहिती नसते. ज्याचे ऋण मानावयाचे, त्याने आपल्यासाठी काय केले हे प्रथम नीट समजून घ्यावे, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास, रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. त्या काळचा कुलाबा जिल्हा तो आजचा रायगड जिल्हा. वडील द्वारकानाथ गणेश हे वकिली करीत. मातोश्री भागीरथीबाई धर्मशील वृत्तीच्या होत्या. ज्या गडावर छत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांनी स्वराज्याची लेखणी सांभाळली, त्याच गडाच्या छायेत विसाव्या शतकातील भारताचा जमाखर्च सांभाळणारा हा पुरुष जन्मास यावा, हा योगायोग आपल्या ज्ञातीच्या मनास सुखावणारा आहे.

विद्यार्थिदशेतील त्यांचे यश असामान्य होते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजातून १९१७ मध्ये निसर्गविज्ञान विषयांत पदवी घेताना वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांना लाभले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत त्यांचा क्रमांक पहिला आला. ज्या परीक्षेत हिंदी तरुणास नुसता प्रवेश मिळणे हेच दुर्मीळ भाग्य समजले जाई, तेथे कोकणातील एका वकिलाच्या मुलाने इंग्रज स्पर्धकांनाही मागे टाकले. संस्कृत आणि वनस्पतिशास्त्र या दोन्ही आवडी त्यांनी जन्मभर जोपासल्या. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी मराठी पद्यात भाषांतर केले, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत आणली आणि कारभाराच्या धकाधकीतही बागकामाची हौस सोडली नाही.

१९२० पासून जवळजवळ १९ वर्षे त्यांची नोकरी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात झाली. डेप्युटी कमिशनर, जमीनमहसुलाची पुनर्आकारणी करणारा सेटलमेंट अधिकारी, सचिवालयातील चिटणीस अशा पायऱ्यांनी ते चढत गेले. सेटलमेंटचे काम म्हणजे गावोगाव फिरून जमिनीचा कस पाहणे, पिकांचा अंदाज घेणे आणि कोणत्या कुळावर किती भार टाकावा हे ठरविणे होय. पुढे देशाचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या या माणसाने शेतकऱ्याचे उत्पन्न प्रथम बांधावर उभे राहून मोजले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९३१ मध्ये महात्मा गांधी ज्या दुसऱ्या गोलमेज परिषदेस उपस्थित होते, तिच्या सचिवालयात चिंतामणरावांनी काम केले. केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या वाटणीची चौकशी करण्यासाठी सर ऑटो निमायर आले, तेव्हा मध्यप्रांत सरकारच्या वतीने चिंतामणरावांनी तयार केलेल्या निवेदनाची चांगलीच वाखाणणी झाली. अर्थशास्त्राचा जाणकार म्हणून त्यांची कीर्ती तेथून पसरू लागली.

येथे एक गोष्ट आम्ही आडपडदा न ठेवता नमूद करतो. ज्या काळात देशातील अनेक तरुण शाळा-कॉलेजे सोडून तुरुंगात गेले, त्या काळात चिंतामणराव परकीय सरकारच्या सेवेत होते. १९४४ साली त्यांना सर ही पदवीही मिळाली. यावरून त्यांना उणे लेखणारी माणसे तेव्हा होती आणि त्यांच्या भावना समजण्यासारख्या होत्या. परंतु परकीयांच्या दफ्तरात बसूनही आपल्या देशाचा हिशेब कसा राखता येतो, हे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसून येते. स्वातंत्र्य मिळविण्यास एका प्रकारची माणसे लागली. मिळालेले स्वातंत्र्य चालविण्यास आणखी एका प्रकारची माणसे लागली. चिंतामणराव या दुसऱ्या प्रकारातील अग्रणी होत.

१९३९ च्या जुलैमध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि पुढच्याच महिनाअखेर युरोपात युद्धाचा भडका उडण्याची वेळ आली. काही महिन्यांतच ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे चिटणीस झाले, १९४१ च्या डिसेंबरात डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर सर जेम्स टेलर १९४३ च्या प्रारंभी निवर्तल्यावर ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नरपदी आरूढ झाले. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. तेव्हापासून रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर प्रथमच एका हिंदी माणसाची स्वाक्षरी उमटू लागली. नोटेवर चित्र इंग्लंडच्या राजाचे आणि खाली सही आपल्या देशमुखांची, असे ते दृश्य होते.

पण तो काळ अभिनंदनाचा नव्हता. युद्धाच्या गरजांसाठी ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात धान्य, कापड, पोलाद, ताग असा प्रचंड माल खरेदी करीत होते. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जमा होई आणि तिच्या आधारावर येथे रुपयांच्या नोटा काढल्या जात. माल आघाडीवर जाई व नोटा येथे राहत. युद्धाच्या वर्षांत चलनातील नोटा पाचपटींहून अधिक वाढल्या. विकत घेण्यास वस्तू मात्र मिळेनात. भाव कडाडले. ज्यांच्याजवळ साठा होता ते श्रीमंत झाले. हातावर पोट असणाऱ्यांचे हाल झाले. चिंतामणराव गव्हर्नर झाले ते वर्ष बंगालच्या दुष्काळाचे. त्या आपत्तीत लक्षावधी माणसे अन्नावाचून व रोगराईने मेली. स्टर्लिंग आले की नोटा काढणे बँकेवर कायद्यानेच बंधनकारक होते. गव्हर्नरास ते नाकारता येत नव्हते. सरकारी कर्जरोखे विकून, सोने विकून बाजारातील जादा पैसा शोषून घ्यावा, एवढेच उपाय हाती होते आणि ते अपुरे होते.

अशा स्थितीत गव्हर्नरास काय करता येण्यासारखे होते? उपाशी देशाने जो माल दिला त्याचा पैन् पै हिशेब राखणे आणि ती रक्कम दान नसून येणे आहे, हे जगापुढे ठासून मांडणे. युद्धापूर्वी हिंदुस्थान ब्रिटनचा ऋणको होता. युद्ध संपता संपता तो सुमारे १३० कोटी पौंडांचा धनको झाला. हे देणे कमी करून घ्यावे, काही भाग सोडून द्यावयास लावावा, असा सूर इंग्लंडात उघडपणे निघत होता. त्यामुळे येणे निश्चित राखणे हा केवळ आकडेमोडीचा प्रश्न राहिला नव्हता. त्या पौंडांत बंगालच्या उपाशी माणसाचा घासही अडकला होता.

१९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. युद्धोत्तर जगाची चलनव्यवस्था कशी असावी हे तेथे ठरावयाचे होते आणि त्यातूनच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या संस्था निघाल्या. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या हिंदी शिष्टमंडळात चिंतामणरावांसह सर षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ व सर थिओडोर ग्रेगरी ही मंडळी होती. हिंदुस्थान अद्याप परतंत्र. तरी या शिष्टमंडळाने ब्रिटनकडील येण्याचा प्रश्न परिषदेपुढे धिटाईने मांडला. परिषदेने तो आपल्या कक्षेत घेतला नाही हे खरे. पण मागणी जगाच्या कानी गेली. नाणेनिधीत हिंदुस्थानचा वाटा ४० कोटी डॉलरचा ठरला, म्हणजे सर्व राष्ट्रांत सहावा. पुढे सोव्हिएत संघ निधीत सामील झाला नाही, त्यामुळे आपला क्रमांक पाचवा होऊन निधीच्या कार्यकारी मंडळावर स्वतःचा संचालक नेमण्याचा हक्क आपणांस मिळाला. स्टर्लिंगचे येणे स्वातंत्र्यानंतर ब्रिटनशी झालेल्या करारांनी हप्त्याहप्त्याने सुटत गेले. त्यातून परदेशी धान्य आले व पंचवार्षिक योजनांसाठी यंत्रसामग्री आली. युद्धकाळात सामान्य माणसाने पोटाला चिमटा घेऊन जे दिले, त्याचा काही अंश तरी अशा रीतीने देशास परत मिळाला.

१९४७ साली याहून कठीण प्रसंग उभा राहिला. देशाची फाळणी झाली, पण चलन एका रात्रीत फाडून दोन करता येत नाही. म्हणून काही काळ रिझर्व्ह बँकेनेच भारत व पाकिस्तान या दोन्ही राष्ट्रांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहावे असे ठरले. सीमेच्या दोन्ही बाजूंना रक्तपात चालू आहे, निर्वासितांचे तांडे वाहत आहेत आणि एकच बँक दोन्ही सरकारांचा पैसा सांभाळीत आहे, अशी ती विलक्षण अवस्था होती. पाकिस्तानसाठी म्हणून ज्या नोटा १९४८ मध्ये निघाल्या, त्या आपल्याच नाशिकच्या छापखान्यात छापलेल्या असून त्यांवर पाकिस्तान सरकारचे नाव वरून उमटविलेले होते. सही चिंतामणरावांचीच होती.

रोख शिलकेच्या वाटणीत पाकिस्तानच्या वाट्यास ७५ कोटी रुपये आले होते. त्यांपैकी २० कोटी आधीच दिलेले होते. काश्मीरचा संघर्ष पेटल्यावर उरलेले ५५ कोटी भारत सरकारने रोखून धरले आणि जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचे उपोषण चालू असताना ते देण्याचा निर्णय झाला. या सर्व काळात दोन्ही सरकारांच्या कात्रीत सापडलेली संस्था म्हणजे रिझर्व्ह बँक. ३० जून १९४८ रोजी ही दुहेरी जबाबदारी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून पाकिस्तानची स्वतःची स्टेट बँक सुरू झाली. माणसे एकमेकांच्या जिवावर उठलेली असताना दोन देशांच्या पैशाचा व्यवहार कोलमडला नाही, यामागे बँकेच्या कारकुनापासून गव्हर्नरापर्यंत कित्येकांचे श्रम होते. त्या श्रमांची गाणी झाली नाहीत. जे अनर्थ टळतात त्यांची आठवण लोकांस राहत नाही; म्हणून ते टाळणाऱ्यांचे आभार मानावयाचेही राहून जातात.

१ जानेवारी १९४९ रोजी, खाजगी भागधारकांची असलेली रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. त्याच वर्षी बँकांवर देखरेख ठेवणारा व्यापक कायदाही अमलात आला. युद्धाच्या तेजीत भूछत्रांप्रमाणे उगवलेल्या लहान बँका, विशेषतः बंगालमध्ये, कोसळू लागल्या होत्या व गरिबांच्या ठेवी बुडत होत्या. आज आपण निर्धास्तपणे बँकेत पैसे ठेवतो त्या विश्वासाचा पाया या वर्षांत घातला गेला. ३० जून १९४९ रोजी चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. नंतर काही काळ युरोप-अमेरिकेत भारत सरकारचे आर्थिक प्रतिनिधी म्हणून काम करून ते १९५० मध्ये नव्या नियोजन मंडळाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये, डॉ. जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर, पंडित नेहरूंनी त्यांच्या हाती अर्थखाते सोपविले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी १९५१ पासून १९५६ पर्यंत दरवर्षी देशाचे अंदाजपत्रक मांडले. प्रारंभी अन्नधान्याची टंचाई, निर्वासितांचे पुनर्वसन, कोरियातील युद्धाने चढलेले भाव अशा अडचणींनी तिजोरी ग्रासलेली होती. २,०६९ कोटी रुपयांची पहिली पंचवार्षिक योजना अशा वेळी हाती घेण्यात आली. धरणे, कालवे, शेती यांवर तिचा भर होता. ती योजना संपता संपता धान्याचे उत्पन्न वाढलेले होते आणि भाव उतरलेले होते. पावसाने साथ दिली हे मान्य करूनही, हाती असलेल्या पैशाहून मोठी स्वप्ने न पाहणाऱ्या अर्थमंत्र्याचे श्रेय त्यात आहेच. इंपीरियल बँकेचे रूपांतर १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँकेत झाले, ते बँक खेड्यापर्यंत पोहोचावी आणि शेतकऱ्याची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी या उद्देशाने. १९५५-५६ चे अंदाजपत्रक इंग्रजीबरोबर प्रथमच हिंदीतूनही प्रसिद्ध झाले. १९५६ चा कंपनी कायदा त्यांच्याच कारकीर्दीतला.

आता त्यांच्या जीवनातील सर्वांत कसोटीच्या पर्वाकडे वळू. १९५६ च्या जानेवारीतील एक आठवडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १६ जानेवारीस पंडित नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या अमलाखाली राहील असे नभोवाणीवरून जाहीर केले. मुंबईत संताप उसळला आणि गोळीबार सुरू झाला. १९ जानेवारीस चिंतामणरावांनीही नभोवाणीवरून भाषण केले, पण ते आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाविषयी. त्या दिवशी निघालेल्या वटहुकुमाने २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. आधी कोणास सुगावा लागला असता तर लोकांचे पैसे इकडचे तिकडे झाले असते, म्हणून कमालीची गुप्तता राखण्यात आली होती. ज्या शहराशी विद्यार्थिदशेपासूनचे नाते, तेथे आपली माणसे गोळ्यांनी पडत असताना हा पुरुष ठरलेले राष्ट्रकार्य शांतपणे पार पाडीत होता. त्याच सुमारास त्यांनी आपला राजीनामाही पंतप्रधानांच्या स्वाधीन केला.

तो राजीनामा लगेच स्वीकारला गेला नाही. अंदाजपत्रक मांडावयाचे होते, विमा महामंडळाचा कायदा व्हावयाचा होता. हाती घेतलेले काम अर्धवट टाकून त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकले नाही. जुलै १९५६ मध्ये मात्र ते पदमुक्त झाले आणि २५ जुलै रोजी लोकसभेत त्यांनी आपल्या राजीनाम्याची कारणे निवेदन केली. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळाचा रीतसर विचार न घेता झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. पंडितजींनी पहिला आक्षेप मान्य केला नाही. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्यांच्याविषयी त्यांना आदर होता आणि ज्यांनी त्यांना राजकारणात आणले, त्या पंतप्रधानांसमोर उभे राहून त्यांनी आपला मतभेद सभ्य शब्दांत पण स्पष्टपणे नोंदविला आणि खुर्ची सोडली.

महाराष्ट्राने त्यांना त्या दिवशी डोक्यावर घेतले. त्या लाटेवर स्वार होऊन नेतृत्व मिळविणे त्यांना अवघड नव्हते. पण तसे त्यांनी केले नाही. संयुक्त महाराष्ट्राचा लढा इतरांनी लढविला, शंभराहून अधिक माणसांनी त्यात प्राण दिले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य जन्मास आले. चिंतामणरावांचा राजीनामा ही त्या लढ्यास मिळालेली नैतिक पुष्टी होती. हुतात्म्यांच्या त्यागाशी तिची तुलना त्यांनी स्वतः कधी केली नसती आणि आपणही ती करू नये.

पद गेल्यावर माणूस काय करतो, यावरूनही त्याची पारख होते. चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत त्यांनी देशातील विद्यापीठांची घडी बसविण्याचे काम केले. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर, हैदराबादचे प्रशासकीय अधिकाऱ्यांचे महाविद्यालय, कलकत्त्याची भारतीय संख्याशास्त्र संस्था अशा कित्येक संस्थांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. सरकारी सेवेसाठी असलेले मॅगसेसे पारितोषिक त्यांना १९५९ साली मिळाले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. तो पराभव त्यांनी मनास लावून घेतल्याचे दिसत नाही. वाचन, लेखन आणि संस्था यांत ते पूर्ववत रमले. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९८२ साली हैदराबाद येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या गृहस्थाश्रमाचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही आणि ज्ञातीच्या स्मरणिकेत तर तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांच्या प्रथम पत्नी रोझिना या इंग्रज होत्या. त्यांच्या निधनानंतर २२ जानेवारी १९५३ रोजी चिंतामणरावांनी श्रीमती दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. दुर्गाबाई आंध्रच्या; लहानपणी झालेला विवाह मोडून बाहेर पडलेल्या, स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगलेल्या, घटनासमितीच्या सदस्य राहिलेल्या आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापिका. विवाह अत्यंत साधेपणाने झाला; साक्षीदार म्हणून स्वतः पंडित नेहरू हजर होते. १९७५ साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण हा किताब लाभला. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी चिंतामणरावही त्यांच्या मागे गेले.

म्हणजे ज्यांना आपण मोठ्या अभिमानाने आपले म्हणतो, त्यांनी स्वतः संसारात वा कारभारात ज्ञातीची वेस मानली नाही. मग त्यांचे चरित्र येथे छापण्याचा आपणांस अधिकार काय, असा प्रश्न कोणी विचारील. आम्हांस तो योग्य वाटतो, आणि त्याचे उत्तर त्यांच्या विद्यार्थिजीवनातच सापडते. ज्या शिष्यवृत्तीने त्यांचा पहिला गौरव झाला, ती नाना शंकरशेट यांच्या नावाची, म्हणजे निराळ्या ज्ञातीत जन्मलेल्या एका लोकसेवकाच्या स्मरणार्थ ठेवलेली होती. नाते गावच्या प्रभू घराण्यातील मुलास ती देताना कोणी त्याची ज्ञात विचारली नाही. त्याचे संस्कृत पाहिले. एका घराचे दान दुसऱ्या घराच्या मुलापर्यंत पोहोचले आणि त्या मुलाने ते पुढे साऱ्या देशास फेडले. कृतज्ञतेचा ओघ असाच वाहता राहावा लागतो. तो आपल्याच उंबरठ्याशी अडविला तर त्याचे डबके होते.

आपली ज्ञाती पिढ्यान् पिढ्या लेखणी आणि हिशेब यांवर जगली. दफ्तर बिनचूक ठेवावे, दुसऱ्याच्या पैशास हात लावू नये, धन्याचे मीठ खावे पण खोट्या कागदावर सही करू नये, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. चिंतामणरावांनी तिलाच राष्ट्रीय स्वरूप दिले. हाती आलेले प्रत्येक पद त्यांनी ठेव म्हणून स्वीकारले, तिचा हिशेब चोख राखला, आणि मन साक्ष देईना तेव्हा ती ठेव जशीच्या तशी परत करून ते मोकळे झाले. युद्ध, दुष्काळ, फाळणी, टंचाई अशा एकामागून एक आलेल्या संकटांत देशास असा विश्वस्त लाभला, याबद्दल आपण सर्वांनी त्यांचे ऋणी राहिले पाहिजे.

हे ऋण केवळ लेख छापून किंवा तसबिरीस हार घालून फिटणारे नाही. रिझर्व्ह बँकेने त्यांच्या नावाची व्याख्यानमाला चालविली आहे; ठाण्यात स्पर्धापरीक्षांस बसणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांच्या नावाची संस्था काम करीत आली आहे. आपल्या सभासद कुटुंबांनीही यथाशक्ती हातभार लावावा. घरातील हुशार मुलामुलींना परदेशाच्या किंवा मोठ्या पगाराच्या वाटेइतकीच लोकसेवेची वाटही दाखवावी. ज्यांच्या हाती एखाद्या संस्थेची, सोसायटीची वा पतपेढीची तिजोरी आहे, त्यांनी तिचा हिशेब चिंतामणरावांना दाखवावयाचा आहे असे समजून लिहावा. आणि आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून एखादा तरी हात दरवर्षी ज्ञातीबाहेरच्या गरजू मुलापर्यंत जावा, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे. रायगडाच्या परिसरातून निघून ज्याने साऱ्या देशाचा भार पेलला, त्या थोर लोकसेवकास आम्ही सर्व ज्ञातिबंधुभगिनींच्या वतीने कृतज्ञ अभिवादन करतो.